होरेस ग्रीलीला धरसोड्या म्हणणं मला पटत नाही

टिपकागद (धागाकर्ता)

अमेरिकन यादवी युद्धावरचं काहीही वाचायला घ्या, 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली त्यात भेटतोच, आणि त्याच्या नावापुढे ठरलेला शेरा असतो: माणूस मोठा, पण धरसोड्या. पुरावा म्हणून पुढची जंत्री देतात. १८६० च्या नोव्हेंबरात, लिंकन निवडून आल्या आल्या, यानं लिहिलं की दक्षिणेतल्या राज्यांना फुटायचंच असेल तर फुटू द्या. एक भाग दुसऱ्याला संगिनींनी टाचून ठेवलेल्या प्रजासत्ताकात राहायची वेळ आपल्यावर न येवो. १८६१ च्या जूनअखेरीस त्याच्याच पेपरात रोज आरोळी, 'चला रिचमंडवर!', म्हणजे दक्षिणेच्या राजधानीवर. जुलैत बुल रनला उत्तरेची फौज पळाली, तेव्हा लिंकनला खाजगी पत्र: देशाचं आणि माणुसकीचं भलं त्यात असेल तर बंडखोरांच्या अटींवर तह करायलाही कचरू नका. पुढच्या वर्षी त्याच लिंकनला जाहीर जाब, की गुलामांना मोकळं का करत नाही? १८६४ मध्ये नायगाऱ्याला तहाची बोलणी. १८६७ मध्ये दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या जामीनपत्रावर सही. आणि १८७२ मध्ये, ज्या डेमोक्रॅटिक पक्षाला जन्मभर झोडपलं त्याच्याच पाठिंब्यावर अध्यक्षपदाची निवडणूक.

जंत्री खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ग्रीलीला दोन गोष्टी मनापासून हव्या होत्या: गुलामगिरी जावी, आणि ती जाताना माणसं मरू नयेत. त्या अमेरिकेत दोन्ही एकदम मिळण्यासारख्या नव्हत्या. बहुतेकांनी एक धरली, दुसरीवर पाणी सोडलं. यानं कुठलीच सोडली नाही, आणि ज्या घडीला जी जास्त धोक्यात दिसली तिच्यासाठी तो ओरडला. याला मी धरसोड म्हणणार नाही. दोन्ही हातांनी दोन टोकं धरून ठेवली की माणूस ताणला जातो, तसा हा ताणला गेला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ३ फेब्रुवारी १८११, न्यू हॅम्पशरमधलं अ‍ॅमहर्स्ट. वडिलांची शेती कर्जात गेली, घरावर टाच आली, कुटुंब व्हरमाँटला गेलं. पंधराव्या वर्षी ईस्ट पोल्टनी गावातल्या छापखान्यात उमेदवारी. तो पेपर बंद पडला. १८३१ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांचा हा पोरगा खिशात दहाएक डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला. पहिलं काम मिळालं ते बायबलच्या नव्या कराराची खिशातली आवृत्ती जुळवण्याचं. छपाईचे खिळे इतके बारीक आणि मजकूर इतका किचकट, की आधीचे खिळेजुळारी ते काम टाकून गेले होते. यानं ते तडीला नेलं. लेखणीच्या आधी खिळा हातात आलेला हा संपादक आहे, आणि ते त्याच्या लिखाणात दिसतं: शब्द वाया घालवत नाही.

१० एप्रिल १८४१ ला 'ट्रिब्यून' निघाला, एक सेंटला अंक. त्या वेळच्या न्यूयॉर्कमध्ये एक सेंटचा पेपर म्हणजे पोलीस कोर्टातल्या भानगडी आणि खुनाची वर्णनं. अशा स्वस्त पेपरांत बेनेटचा 'हेरल्ड' सर्वांत पुढे. ग्रीलीनं ते सगळं बाजूला ठेवलं आणि त्याच एका सेंटात शेती, पुस्तकं, कामगारांची मजुरी, युरोपातल्या क्रांत्या आणि गुलामगिरी दिली. साप्ताहिक आवृत्ती टपालानं खेड्यापाड्यांत जायची. यादवीच्या तोंडावर तिचा खप दोन लाखांच्या घरात होता. एक अंक किती जण वाचत असतील, किती घरांत मोठ्यानं वाचून दाखवला जात असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

आणखी एक गोष्ट. १८४६-४७ मध्ये ग्रीली फ्रेंच विचारवंत फूरियेच्या सहकारी वसाहतींच्या कल्पनेनं भारला होता. त्याचाच जुना मदतनीस हेन्री रेमंड आता दुसऱ्या पेपरात होता आणि कडवा विरोधक होता. दोघांनी प्रत्येकी बारा लेख लिहिले, आणि ठरवून दोन्ही बाजू दोन्ही पेपरांनी छापल्या. म्हणजे ट्रिब्यूनच्या वाचकाला आपल्या संपादकाचं म्हणणं खोडून काढणारा मजकूर ट्रिब्यूनमध्येच वाचायला मिळाला. असा संपादक आपलं मत बदलतो तेव्हा ते वाचकाच्या डोळ्यांदेखत बदलतो. मला ते दुबळेपणाचं लक्षण वाटत नाही.

विरोधी मतं ऐकायला आवडतील.


कोरडवाहू

विरोधी मत घ्या.

'माणसं मरू नयेत' हे तुम्ही त्याचं आयुष्यभराचं सूत्र म्हणता. मग २६ जून १८६१ पासून ट्रिब्यूनमध्ये रोज काय छापलं जात होतं? 'राष्ट्राची रणगर्जना: चला रिचमंडवर! २० जुलैला बंडखोरांची काँग्रेस (संसद) तिथे भरता कामा नये!' तारीखसुद्धा पेपरनं ठरवून दिली. फौज कच्ची होती, बरेचसे सैनिक तीन महिन्यांच्या करारावर आलेले, सेनापती वेळ मागत होते. वॉशिंग्टनवर दबाव आणणारा ट्रिब्यून एकटाच नव्हता हे मान्य, पण सर्वांत मोठा आवाज त्याचाच होता. २१ जुलैला बुल रन झालं.

आणि नंतर? २९ जुलैचं ते पत्र तुम्ही एका वाक्यात उरकलंत. ते नीट वाचलं पाहिजे. सुरुवातच अशी, की ही माझी सातवी रात्र झोपेविना. पुढे लिंकनला तोंडावर सांगतो, लोक तुम्हाला मोठा माणूस समजत नाहीत, आणि मी तर पार मोडून गेलो आहे. जो पेपर तीन आठवडे राष्ट्राला पुढे ढकलत होता, त्याचा संपादक आठवडाभरात शरणागतीपर्यंत येतो. दोन टोकं धरून ठेवणाऱ्या माणसाचं हे वागणं आहे का? मला तर यात तोल गेलेला माणूस दिसतो. तोल कुणाचाही जातो. पण ज्याचा कागद दोन लाख घरांत जातो त्याला आज पेटवायचं आणि उद्या विझवायला धावायचं, ही मुभा नसते. तुम्ही खपाचा आकडा गौरव म्हणून दिलात. मी तोच आकडा जबाबदारी म्हणून वाचतो.


टिपकागद

कोरडवाहू, 'चला रिचमंडवर' हे ग्रीलीनं लिहिलेलं नाही. ते फिट्झ हेन्री वॉरन या वार्ताहराचं, आणि ते रोज छापत राहणारा होता व्यवस्थापकीय संपादक चार्ल्स डेना. बुल रननंतर ग्रीलीनं २५ जुलैच्या अंकात 'फक्त एकदाच' असा लेख लिहिला: ते शब्द माझे नाहीत, पण गेल्या महिन्यातल्या सगळ्या लष्करी चुकांसाठी बळीचा बकरा हवा असेल तर मी आहे. डेनाचं नाव पुढे करून सुटणं सोपं होतं, ते त्यानं केलं नाही. लढाईवरून दोघांचं पटेना, आणि १८६२ मध्ये डेनाला ट्रिब्यून सोडावा लागला.

त्या पत्राबद्दल: ते खाजगी होतं. छापलं नाही. लिंकननंही ते बाहेर येऊ दिलं नाही. मध्यरात्री लिहिलेल्या पत्रावरून माणसाची उभी हयात तोलायची का?


कोरडवाहू

रोज आपल्या पेपरात काय छापून येतं हे मालक-संपादकाला माहीत नव्हतं, असं तर तुम्ही म्हणत नाही ना? पटत नव्हतं तर एका चिठ्ठीनं थांबलं असतं. त्यानं थांबवलं नाही. 'माझे शब्द नाहीत' हे बुल रन जिंकलं असतं तर तो म्हणाला असता का, एवढंच विचारतो.


तळटीप

दोघांच्या वादात एका मुद्द्याची भर घालतो, धागाकर्त्याच्या बाजूनं.

गुलामगिरीविरोधी संपादक म्हटलं की लोक विल्यम लॉइड गॅरिसनचं नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. 'लिबरेटर' १८३१ पासून १८६५ पर्यंत चालवला, एक इंच मागे सरला नाही. १८५४ च्या ४ जुलैला फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्यानं अमेरिकेची राज्यघटना जाळली, कारण ती गुलामगिरीला आसरा देते. पण 'लिबरेटर'चा खप तीनेक हजारांच्या वर कधी गेला नाही. त्याचे वाचक आधीच त्याच्या बाजूचे होते.

ओहायोचा किंवा विस्कॉन्सिनचा शेतकरी गॅरिसन वाचत नव्हता. त्याला काळ्या माणसाबद्दल फारसं प्रेमही नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचला तो ट्रिब्यून, आणि ग्रीलीनं त्याला त्याच्याच पोटाचा हिशेब मांडून दाखवला: कॅन्सस-नेब्रास्काच्या मोकळ्या जमिनीवर गुलामांचे मालक आले तर तुझ्या मजुरीला काय किंमत राहील? तिथे गुलामगिरीला वाट मोकळी करणाऱ्या १८५४ च्या कायद्याविरुद्ध ट्रिब्यूननं जे रान उठवलं, त्यातून रिपब्लिकन पक्षाच्या बांधणीला बळ मिळालं. १८६० च्या शिकागो अधिवेशनात न्यूयॉर्कच्या पक्षनेत्यांनी ग्रीलीला आपल्या शिष्टमंडळात घेतलं नाही, तर हा ऑरेगनचा प्रतिनिधी म्हणून जाऊन बसला आणि न्यूयॉर्कचा बडा नेता सूअर्ड याची अध्यक्षपदाची उमेदवारी पाडायला हातभार लावला. त्यातून लिंकन वर आला.

आणि एक विसरू नका: 'गुलाममालकांशी संघराज्य नको' असं गॅरिसन कित्येक वर्षं सांगत होता. युद्ध सुरू झाल्यावर तोही संघराज्याच्या फौजेमागे उभा राहिला. त्याला कुणी धरसोड्या म्हणत नाही. तोच न्याय ग्रीलीला का नाही?


कोरडवाहू

कारण गॅरिसन एकदाच वळला आणि पुन्हा मागे फिरला नाही. ग्रीली वळतच राहिला.

बाकी तळटीप यांचा १८५४ चा मुद्दा मला मान्य आहे. युद्धापूर्वीचा ग्रीली मोठाच. माझं भांडण १८६० नंतरच्या ग्रीलीशी आहे.


हडसनकाठ

मी न्यूयॉर्कला राहते. सिटी हॉल पार्कमध्ये ग्रीलीचा पुतळा आहे, खुर्चीत किंचित पुढे झुकून बसलेला, वर्तमानपत्र हातात. भला माणूस वाटतो बघताना, आणि तो भला होताही. पण या धाग्यात आतापर्यंत एकाही बाईचं नाव आलेलं नाही, म्हणून लिहिते.

१८४४ मध्ये त्यानं मार्गारेट फुलरला ट्रिब्यूनची साहित्य-समीक्षक म्हणून घेतलं. त्या काळात न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकात बाईला असं स्थान देणं ही साधी गोष्ट नव्हती. तुरुंगातल्या बायका, वेड्यांची इस्पितळं यांवर ती लिहायची आणि तो छापायचा. पुढे तिला युरोपला वार्ताहर म्हणून पाठवलं. १८५० च्या दशकात स्त्रीहक्क परिषदांची टिंगल बाकीचे पेपर करत असताना ट्रिब्यून त्यांचं गंभीर वृत्त देत होता. इथपर्यंत सगळं छान.

आता १८६७. न्यूयॉर्क राज्याची घटना नव्यानं लिहायला ऑल्बनीत परिषद भरली. मताधिकार समितीचा अध्यक्ष ग्रीली. स्त्रीमताधिकाराच्या पुढारी एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी समितीपुढे बाजू मांडायला गेल्या. ग्रीलीनं विचारलं, मतपत्रिका आणि बंदुकीची गोळी बरोबर चालतात. मत मिळालं तर लढायला जाल का? सुझन अँथनीनं तिथल्या तिथे सांगितलं: जाऊ की, गेल्या युद्धात तुम्ही लढलात तसंच, बोरूच्या टोकानं.

समितीचा अहवाल बायकांच्या विरोधात जाणार हे दिसत होतं. तो मांडला जायच्या वेळी जॉर्ज विल्यम कर्टिस हा सभासद उठला आणि म्हणाला, वेस्टचेस्टरच्या मिसेस होरेस ग्रीली आणि इतर तीनशे स्त्रियांचा मताधिकारासाठी अर्ज सादर करतो. त्याची स्वतःची बायको मेरी! भर सभेत. ग्रीलीची स्थिती काय झाली असेल ती असो. पुढे त्यानं काय केलं ते महत्त्वाचं आहे. काही दिवसांनी एका घरगुती बैठकीत स्टँटनबाई भेटल्या, तेव्हा त्यानं सांगितलं की यापुढे ट्रिब्यूनमध्ये तुमचं नाव 'मिसेस हेन्री बी. स्टँटन' असंच छापलं जाईल. ज्या बाईनं स्वतःचं नाव वापरायचा हट्ट आयुष्यभर धरला, तिला नवऱ्याच्या नावाआड ढकलून द्यायचं, आणि तेही स्वतःच्या पेपरची ताकद वापरून.

टिपकागद, इथे कुठली दोन टोकं ताणत होती? इथे रक्त सांडत नव्हतं, संघराज्य फुटत नव्हतं. इथे एका दुखावलेल्या पुरुषानं सूड घेतला. विरोधकाचे बारा लेख छापणारा हाच ना?


टिपकागद

हडसनकाठ, १८६७ चा तो प्रसंग मी सावरायला जाणार नाही, त्याला सावरण्यासारखं काही नाही. त्याचा बाहेरून दिलेला बचाव असा होता की काळ्या पुरुषांचा मताधिकार आधी पदरात पाडून घेऊ, दोन प्रश्न एकत्र केले तर दोन्ही बुडतील. त्या वर्षी हे म्हणणारे पुष्कळ होते, स्वतः गुलामगिरीतून सुटलेला काळ्यांचा पुढारी फ्रेडरिक डग्लसही त्यांत होता, आणि डग्लस तर स्त्रियांच्या मताधिकाराचा जुना साथी. पण नावाबद्दलचा तो हुकूम या बचावात बसत नाही.


चिंचेचा पार

मार्क्सचा विषय कुणीच कसा काढला नाही?

कार्ल मार्क्स दहा वर्षांच्या आसपास ट्रिब्यूनचा लंडनचा वार्ताहर होता. डेना त्याला १८४८ मध्ये कोलोनला भेटला होता, त्यानं लिहायला बोलावलं. १८६२ पर्यंत मार्क्स आणि एंगेल्स यांचे मिळून जवळपास पाचशे लेख तिथे आले. काही तर बिननावी, अग्रलेख म्हणून छापले गेले आणि त्यावरून मार्क्स चिडायचा.

आपल्याशी याचा थेट संबंध आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्यावरचे मार्क्सचे प्रसिद्ध लेख याच पेपरातले, १८५३ सालचे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, आणि ८ ऑगस्टच्या ट्रिब्यूनमध्ये मार्क्स लिहीत होता की रेल्वे ही हिंदुस्थानात आधुनिक उद्योगांची नांदी ठरेल. पण नव्या समाजाची फळं हिंदी लोकांना मिळायची तर एक तर इंग्लंडमध्ये कामगार सत्तेवर यावे लागतील, नाहीतर हिंदी लोकांना स्वतःच इंग्रजांचं जोखड फेकून देण्याइतकं बळ यावं लागेल. १८५३ साली! हे मुंबईच्या कुठल्या पेपरात छापून आलं नसतं. ते न्यूयॉर्कच्या दोन सेंटच्या दैनिकात आलं. त्याच सुमाराला ट्रिब्यूनचा प्रवासलेखक बेयर्ड टेलर मुंबईला उतरून उत्तर हिंदुस्थानभर फिरला आणि त्याची पत्रंही तिथेच प्रसिद्ध झाली. १८५७ च्या उठावावर मार्क्सनं लिहिलं, शिपायांच्या क्रौर्यामागे इंग्रजांनी आधी केलेलं क्रौर्य आहे हे दाखवलं, तेही ट्रिब्यूनमध्येच.

ग्रीली मार्क्सवादी नव्हता, व्हिग पक्षाचा होता, देशी उद्योगांना जकातीचं संरक्षण हवं म्हणणारा. मार्क्सची बरीच मतं त्याला मान्य होण्यातली नव्हती. तरी छापली. माझ्या हिशेबात संपादक म्हणून त्याची हीच कमाई सर्वांत मोठी आहे. त्याचं स्वतःचं मत किती वेळा बदललं याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी त्याच्या पानांवर किती वेगवेगळी मतं नांदली तेही मोजावं.


रानवाटा

चिंचेचा पार यांचा प्रतिसाद आवडला, पण 'त्याच्या पानांवर सगळी मतं नांदली' हे पुरतं खरं नाही. ज्यांची नांदली नाहीत त्यांच्याबद्दल लिहितो.

तळटीप यांनी कॅन्ससच्या 'मोकळ्या जमिनी'चा उल्लेख केला. ती मोकळी नव्हती. ग्रीली १८५९ मध्ये घोडागाडीनं कॅन्सस, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी करत कॅलिफोर्नियापर्यंत गेला. सॉल्ट लेकमध्ये ब्रिगम यंगची प्रश्नोत्तरं घेतली, ती वृत्तपत्रातली पहिली आधुनिक मुलाखत मानतात, ते सगळे सांगतात. त्याच प्रवासात वाटेतल्या मूळ रहिवाशांबद्दल त्यानं काय लिहिलं ते कमी सांगितलं जातं. त्याचा आशय असा: ही माणसं नष्ट होणारच, त्याला इलाज नाही, देवानं ही पृथ्वी जे ती कसतील त्यांना दिली आहे, आणि त्याच्या न्याय्य आज्ञेपुढे झगडणं व्यर्थ आहे.

'माणसं मरू नयेत' हे त्याचं सूत्र असेल, तर हे वाक्य त्याच माणसानं कसं लिहिलं? घर बांधून राहणाऱ्याला सरकारी जमीन फुकट द्या, ही मागणी त्यानं वर्षानुवर्षं लावून धरली आणि १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आला. पूर्वेकडच्या गरीब मजुराच्या बाजूनं पाहिलं तर थोर कायदा. ज्यांच्या पायाखालून ती जमीन गेली त्यांच्या बाजूनं पाहायला ट्रिब्यूनमध्ये जागा नव्हती. १८७० मध्ये त्याच्याच शेतीविषयक संपादकानं, नेथन मीकरनं, कोलोरॅडोत वसाहत वसवली आणि गावाला ग्रीलीचं नाव दिलं. हाच मीकर पुढे यूट या मूळ रहिवाशांवरचा सरकारी एजंट झाला. शिकारी-घोडेस्वार लोकांना जबरदस्तीनं शेतकरी करायला निघाला, त्यांची घोड्यांची शर्यतभूमी नांगरायला लावली, आणि १८७९ च्या संघर्षात मारला गेला. त्यानंतर यूटांना कोलोरॅडोतल्या बहुतेक जमिनीवरून हुसकावलं. 'कसेल त्याची जमीन' हा विचार अग्रलेखातून निघून कुठपर्यंत पोचतो, ते इथे दिसतं.


टिपकागद

रानवाटा, त्या वाक्याचा बचाव नाही. आणि तुमचा रोख बरोबर आहे: माझं सूत्र 'गोरी आणि काळी माणसं' एवढ्यापुरतंच लागू पडतं. एवढी दुरुस्ती करून मी ते पुढे चालवतो.

आता १८६२ कडे येऊ, कारण ग्रीलीचं मोजमाप तिथे व्हायला हवं. २० ऑगस्टचं जाहीर पत्र, 'दोन कोटींची प्रार्थना'. त्यात तो लिंकनकडे नवं काही मागतच नव्हता. महिन्याभरापूर्वी काँग्रेसनं जप्तीचा कायदा केला होता, बंडखोरांचे गुलाम मुक्त समजावेत असा. ग्रीलीचं म्हणणं: केलेला कायदा राबवा. बंड मोडायचं आणि बंडाचं मूळ कारण जपायचं, हे दोन्ही एकदम करू पाहणं निरर्थक आहे. लिंकनचं उत्तर जगप्रसिद्ध आहे: माझं ध्येय संघराज्य वाचवणं; एकही गुलाम मुक्त न करता ते वाचलं तर तसं करीन, सगळे मुक्त करून वाचलं तर तसं करीन. आज आपण हे उत्तर वाचतो, पण ते काढून घेणारा प्रश्न एका संपादकानं विचारला होता. त्या वेळी त्याला किंमत मोजावी लागत होती: पुढच्याच वर्षी, १८६३ च्या जुलैमध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली, तेव्हा जमाव ट्रिब्यूनच्या कचेरीवर ग्रीलीला शोधत चालून आला होता.


कोरडवाहू

त्या पत्रानं काहीच बदललं नाही. मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकननं २२ जुलैलाच मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. परराष्ट्रमंत्री झालेला सूअर्ड म्हणाला एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, म्हणून तो खणात होता. अँटीटमच्या लढाईनंतर २२ सप्टेंबरला बाहेर आला. ग्रीली उघड्या दारावर धडका देत होता.

नायगाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. जुलै १८६४. ग्रीली लिंकनला लिहितो, आपला रक्तबंबाळ, दिवाळखोर, मरणपंथाला लागलेला देश शांततेसाठी तळमळतोय. कॅनडाच्या बाजूला दक्षिणेचे दूत आलेत, बोला त्यांच्याशी. लिंकननं उलट त्यालाच कामाला लावलं: संघराज्य पूर्ववत आणि गुलामगिरीचा त्याग, या दोन गोष्टी मान्य असलेला डेव्हिसचा लेखी प्रस्ताव घेऊन कुणी असेल तर त्याला तुम्हीच माझ्याकडे घेऊन या. ग्रीली नायगाऱ्याला गेला आणि या दोन अटी दूतांना सांगितल्याच नाहीत. दूतांकडेही तहाचे अधिकार नव्हते. शेवटी लिंकनचा चिटणीस जॉन हे 'ज्याच्याशी संबंध असेल त्यास' अशा मायन्याचं पत्र घेऊन पोचला, त्यात दोन्ही अटी स्पष्ट होत्या, आणि सगळं कोसळलं. दक्षिणेनं त्याचा प्रचार केला की तह लिंकनलाच नको आहे, ऐन निवडणुकीच्या वर्षात. टिपकागद, गुलामगिरी नष्ट करण्याची अट त्यानं स्वतःहून गिळली. तुम्ही म्हणता त्या दोन टोकांतलं एक त्यानं इथे हातातून सोडलं, असं मी म्हणतो.


तळटीप

उघड्या दाराबद्दल: मसुदा खणात आहे हे ग्रीलीला किंवा वाचकांना कुठे ठाऊक होतं? लिंकनलाही उत्तरेचं मत तयार करून हवं होतं. ते उत्तर त्यानं वॉशिंग्टनच्या पेपरात जाहीर छापवलं ते त्याचसाठी.

नायगाऱ्याबद्दल कोरडवाहूंशी सहमत. तो प्रकार वाईटच.


कोरडवाहू

मग १८७२ बद्दल बोलून माझं संपवतो.

जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त करण्यात दाखवलेल्या औदार्याबद्दल; आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील ही आशा धरून. पुण्यात बसून फुल्यांना जे दिसत होतं ते खरं होतं. पण त्याच सुमाराला त्या सदाचारी लोकांपैकी पुष्कळ जण दमले होते, आणि त्यांचा पुढारी ग्रीली झाला होता. रक्ताच्या दरीवरून हात मिळवू या, ही त्याची घोषणा. हात कुणाशी? दक्षिणेत ज्यांनी क्लॅन (कू क्लक्स क्लॅन, काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना) उभा केला, काळ्या मतदारांना झाडांना टांगलं, त्यांच्याशी. फ्रेडरिक डग्लस ग्रँटच्या, म्हणजे ग्रीलीविरुद्ध उभ्या असलेल्या रिपब्लिकन अध्यक्षाच्या, बाजूनं उभा राहिला. काळ्या मतदारांनीही बहुतांशी ग्रँटलाच मत दिलं. ज्यांच्यासाठी ग्रीली वीस वर्षं लढला त्यांना तो नको होता, यापेक्षा मोठा निकाल कुठला?


टिपकागद

निकाल सोपा नाही. डेव्हिसला दोन वर्षं खटला न चालवता कोंडून ठेवलं होतं. ग्रीलीनं १३ मे १८६७ ला रिचमंडला जाऊन जामिनावर सही केली, कारण खटला चालवा नाहीतर सोडा, हा कायदा शत्रूलाही लागू असला पाहिजे. साप्ताहिकाचे वर्गणीदार तुटले, त्याच्या यादवीच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचा खप बसला. उत्तरेच्या कट्टर समर्थकांच्या युनियन लीग क्लबनं जाब विचारला तेव्हा त्यानं त्यांना लिहिलं की द्वेषावर कायमचा पक्ष उभारणं म्हणजे उष्ण समुद्रात वाहत आलेल्या हिमनगावर वसाहत वसवणं. आणि त्याची मागणी १८६६ पासून जोडीनं होती: सर्वांना माफी, आणि रंग न पाहता मताधिकार. दोन्ही. एकाशिवाय दुसरी नाही.

१८७२ मध्ये ग्रँटवर नाराज रिपब्लिकनांनी ग्रीलीला उभं केलं. त्यांच्या जाहीरनाम्यात कायद्यापुढे सगळे समान आणि तेरावी, चौदावी, पंधरावी घटनादुरुस्ती (गुलामगिरी रद्द, काळ्यांना नागरिकत्व, मताधिकार) पुन्हा उकरायची नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. बाल्टिमोरला डेमोक्रॅटिक पक्षानं तोच जाहीरनामा जसाच्या तसा स्वीकारला. काळ्यांच्या मताधिकाराला कडाडून विरोध करणारा पक्ष तो अधिकार अधिकृतपणे मान्य करतो, हे ग्रीलीच्या नावामुळे घडलं. निवडणुकीत तो आपटला, सहाच राज्यं मिळाली. मतदानाच्या काही दिवस आधी मेरी गेली. २९ नोव्हेंबरला, निर्वाचकांची मतं पडायच्या आतच, तोही गेला. अंत्यविधीला ग्रँट स्वतः हजर होता. आणि १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरनं काळ्या मतदारांच्या रक्षणासाठी फौज मागितली तेव्हा ती न पाठवणारा अध्यक्षही हा ग्रँटच.


कोरडवाहू

१८७१ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) स्थगित करून, फौज घालून क्लॅन मोडणाराही तोच ग्रँट होता. ग्रीलीनंसुद्धा त्या वर्षी क्लॅनविरोधी कायद्याची बाजू घेतली होती. पुढच्याच वर्षी उमेदवारी स्वीकारताना तो स्थानिक स्वराज्य हवं, दिल्लीश्वर केंद्र नको, अशा भाषेवर आला. १८७२ च्या दक्षिणेत स्थानिक स्वराज्य म्हणजे सत्ता कुणाच्या हाती जाणार हे त्याला ठाऊक होतं, आदल्या वर्षी तो टेक्सासपर्यंत फिरून आला होता. बाल्टिमोरचा ठराव कागदावरच राहिला, कारण तो पाळला जातो की नाही हे पाहायला फौजेशिवाय कुणी नव्हतं, आणि ती फौज काढून घ्या म्हणणाऱ्यांतच ग्रीली होता. १८७५ मध्ये ग्रँटनं फौज पाठवली नाही ती उत्तरेतला मतदार आता साथ देणार नाही हे ओळखून. त्या मतदाराच्या घरी कुठला पेपर जात होता ते तुम्हीच पहिल्या प्रतिसादाआधी सांगितलं आहे.